सीताफळाचं फूल आणि कोठीतली सीट

"एम.एस्सी. बॉटनी. बरं, आणि पुढे?"

महिनाभर दादा हेच विचारतो आहे. त्याच्या लेकीला, म्हणजे माझ्या भाचीला, कोठीच्या महिला विद्यापीठात सीट लागली. सीपीगेट या प्रवेश परीक्षेतला रँक चांगला होता, नाव लवकर आलं. फी भरायला तीन दिवस उरले होते आणि घरात त्याविषयी कुणी तोंड उघडत नव्हतं. म्हणून गुरुवारी संध्याकाळी मी ट्रूप बझारात त्याच्या दुकानी गेले. मी तीस वर्षं वनस्पतीशास्त्र शिकवलं, तेव्हा माझा कल कुठे ते उघडच आहे. दादाने स्विच, वायर आणि एमसीबी विकून दोन पोरं शिकवली. कुठली उधारी वसूल होईल आणि कुठली बुडेल हे त्याला गिऱ्हाइकाच्या चालण्यावरून कळतं. पोरीच्या शिक्षणाकडेही तो तसाच पाहतो, आणि त्यात चूक काहीच नाही.

"हिशोब तूच कर," चहा पुढे सरकवत तो म्हणाला. "आज एकवीस. दोन वर्षं एम.एस्सी. मग ती तुमची नेट. पहिल्या फटक्यात किती जणांना मिळते? धर आणखी एक-दोन वर्षं. मग पीएच.डी., पाच वर्षं. झाली ना तीस?"

"झाली."

"तिशीत ती विद्यार्थिनीच. त्यानंतर नोकरी शोधायची. माझ्याकडे तिशीला पोचलेला मुलगा कामाला आला, तर त्याच्या हातात दहा वर्षांचा अनुभव असतो."

"मधे पैसे मिळतात, दादा. जेआरएफची शिष्यवृत्ती लागली की दरमहा सदतीस हजार आणि वर घरभाडं. दोन वर्षांनी बेचाळीस होतात."

"लागली की! आणि लागल्यावर महिनोन्महिने थकतात ते? पेपरात मीही वाचतो."

थकतात हे खरं आहे. जेआरएफ सगळ्यांना लागत नाही हेही खरं. सीएसआयआरची नेट वर्षातून दोनदा होते, आणि प्रत्येक खेपेला जीवशास्त्रातली हजारो पोरं तीच जाड पुस्तकं पाठ करून बसतात. त्यातल्या कितीतरी हुशार पोरांची दोन-दोन, तीन-तीन वर्षं कोचिंगमध्ये जाताना मी पाहिली आहेत. दादाच्या या बोलण्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी गप्प बसले.

त्याने दुसरा मुद्दा काढला. समोरच्या बिल्डिंगमधल्या मुलीने बी.एस्सी. झूलॉजी केलं, अमीरपेटला जाऊन मेडिकल कोडिंग शिकली, परीक्षा दिली आणि आता नोकरीत आहे. "ऑफिसची गाडी घरापर्यंत येते. तिच्या बापाने गेल्या दिवाळीला नवा फ्रिज घेतला, पोरीच्या पैशाने."

हैदराबादेत जीवशास्त्राच्या पदवीधरांसाठी हा फार मोठा रस्ता झाला आहे आणि मी त्याला नाव ठेवणार नाही. अमेरिकेतल्या इस्पितळाच्या नोंदी वाचायच्या आणि प्रत्येक आजाराला, प्रत्येक उपचाराला यादीतला त्याचा ठरलेला क्रमांक लावायचा. त्या क्रमांकावर विमा कंपनी पैसे देते. शरीररचना नीट ठाऊक नसेल तर क्रमांक चुकतो. काम नेटकं आहे आणि पगार वेळेवर होतो.

"पण दादा, ते काम तिला हवं असतं तर ती सकाळी पाचला उठून झाडाखाली का बसली असती?"

"कुठल्या झाडाखाली?"

त्याला माहीतच नव्हतं. सकाळी पाचला तो झोपलेला असतो.

त्यांच्या मागच्या अंगणात सीताफळाचं झाड आहे, आमच्या आईने लावलेलं. यंदा ज्येष्ठात भाचीने त्याच्या फांद्यांना दोरे बांधून फुलं मोजायला घेतली. मोजता मोजता तिने मला फोन केला, "आत्या, फुलं इतकी येतात आणि फळं इतकी कमी का धरतात?" उत्तर मला ठाऊक होतं. तरी मी म्हटलं, बघ आणि तूच सांग.

सीताफळाचं फूल तुम्ही पाहिलं असेल, पण फूल म्हणून पाहिलं नसेल. हिरवट, खाली लटकलेलं, तीन जाड पाकळ्या, लांबून कोवळी शेंगच वाटावी. आधी पाकळ्या जराशाच फाकतात. त्या वेळी आतला स्त्रीभाग ओला, चिकट असतो, पण पुंकेसर मिटलेले. फुलाला पिकल्या फळासारखा वास येतो. त्या वासाने अगदी बारीक, काळपट भुंगेरे येतात आणि फटीतून आत शिरतात. पुढे पाकळ्या पूर्ण उघडतात आणि परागकण सुटतात, तोवर स्त्रीभाग वाळून गेलेला असतो. म्हणजे फुलाला स्वतःचा पराग स्वतःला वापरता येत नाही. पराग अंगावर घेतलेला भुंगेरा नेमका त्या वेळी दुसऱ्या अर्धवट उघडलेल्या फुलात गेला तर फळ, नाहीतर फूल गळून पडतं. त्यातून उन्हाळ्याची कोरडी हवा असली की तो चिकटपणा लवकर सुकतो. पाऊस पडला, हवेत ओल आली, की फळं जास्त धरतात.

हे सगळं तिने आठ-दहा सकाळींमध्ये शोधून काढलं. मग पाण्याच्या रंगांचा बारीक ब्रश घेतला, उघड्या फुलांतला पराग काचेच्या बशीत झाडून घेतला आणि अर्धवट मिटलेल्या वीस फुलांना लावला. त्यांना लाल दोरा, बाकीच्यांना पांढरा. बागायतदार ही युक्ती करतात, तिने नवं काही शोधलं नाही. पण कुणी सांगितलेलं नसताना तिने तुलनेसाठी पांढऱ्या दोऱ्याची फुलं राखून ठेवली. तीस वर्षांत माझ्या हाताखालून गेलेल्या मुलींपैकी किती जणींना हे सुचलं असतं, मला बोटांवर मोजता येईल.

"ते लाल दोरे?" दादा म्हणाला. "मला वाटलं नजर लागू नये म्हणून बायकोने बांधले."

त्याने दुकान पोराच्या हवाली केलं. भाचीने पुस्तकांची यादी दिली होती, म्हणून आम्ही आधी कोठीत जुन्या पुस्तकांच्या ओळीकडे निघालो आणि तिथून मोअज्जमजाही मार्केटला सीताफळं घ्यायला जायचं ठरलं. कोठीत त्या वेळी चालणं म्हणजे खांद्याने वाट काढणं. पुस्तकवाल्याकडे डी रॉबर्टिस होतं, लेहनिंजरची एक जुनी आवृत्ती होती, तेलुगू अकादमीच्या पुस्तकांची चळत होती. दादाने लेहनिंजर हातात घेऊन वजन केलं.

"हे पाठ करायचं?"

"पाठ करायचं असं धरून शिकवतात, तिथेच घोटाळा होतो."

तो लगेच थांबला. "हेच मला म्हणायचं आहे. तू स्वतः सांगतेस, शिकवणं धड नाही. मग पैसे आणि वर्षं कशासाठी घालू?"

हा त्याचा सगळ्यात बळकट मुद्दा होता आणि तो माझ्याच अंगावर येत होता. मी जिथे शिकवलं त्या कॉलेजात प्रॅक्टिकल म्हणजे रेकॉर्ड होतं. गेल्या वर्षीच्या मुलीच्या रेकॉर्डवरून यंदाच्या मुलीने चित्र उतरवायचं, पेन्सिलीला टोक करून, नावं उजव्या बाजूला एका रेषेत. सूक्ष्मदर्शक होते, पण पुरेसे नव्हते. मुलगी भिंगातून क्षणभर पाहायची, मागची मुलगी ढकलायची. मी सह्या करत गेले. चित्र सुंदर असेल तर दहापैकी नऊ दिले. ज्या पेशीचं चित्र ती काढते आहे ती तिला दिसली की नाही, हे मी पुष्कळदा विचारलं नाही. याचं मला आज फार वाईट वाटतं.

"माझं एक ऐक," मी दादाला म्हटलं. "आमच्या एम.एस्सी.ला एक म्हातारे सर होते. त्यांनी एका सकाळी आम्हाला कांदे आणायला सांगितले. आधीच पाण्याच्या ग्लासवर ठेवून मुळं फुटलेले. सकाळीच, कारण त्या वेळी मुळाच्या टोकाला पेशी जास्त विभागत असतात. टोक कापायचं, आम्लात मऊ करायचं, लाल रंगाचा थेंब टाकायचा, स्पिरिटच्या दिव्यावर जरा कोमट करायचं, काच ठेवायची आणि पेन्सिलीच्या मागच्या टोकाने हलके ठोके द्यायचे. मग टिपकागद ठेवून अंगठ्याने दाबायचं. काच सरकली की सगळं वाया. माझ्या अकरा काचा वाया गेल्या. बाराव्या काचेत गुणसूत्रं दिसली. दोन्ही टोकांकडे ओढली जाणारी, अगदी हातातून निसटणाऱ्या धाग्यांसारखी. सर म्हणाले, हे चित्र आज काढू नकोस, नुसतं बघ."

दादा काही बोलला नाही.

"त्या दोन वर्षांत मला तेवढी एकच सकाळ मिळाली असं समज. पण ती मला बी.एस्सी.त मिळाली नव्हती आणि पुढे कुठल्याही नोकरीत मिळाली नसती. पोरीला अशा सकाळी जास्त मिळाव्यात एवढंच माझं म्हणणं. त्यासाठी कुठे शिकायचं, कुणाच्या हाताखाली प्रबंध करायचा, हे नीट बघावं लागेल. नुसतं बायोटेक्नॉलॉजी असं भारी नाव आहे म्हणून लाख-दोन लाख फी घेणाऱ्या ठिकाणी तिला घातलंस, तर तुझ्या बाजूने पहिली मी बोलेन."

बोलता बोलता आम्ही कॉलेजच्या फाटकाशी आलो. ब्रिटिश रेसिडेंट जेम्स कर्कपॅट्रिकने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी उभारलेली ही रेसिडेन्सी. उंच खांब, रुंद पायऱ्या, दोन बाजूंना दोन सिंह. १७ जुलै १८५७ ला तुर्रेबाज खान आणि मौलवी अल्लाउद्दीन यांनी हिच्यावर चाल केली होती. १९२४ साली सुरू झालेलं मुलींचं कॉलेज १९४९ मध्ये इथे आलं. २०२२ मध्ये त्याचं विद्यापीठ झालं आणि आता त्याला चाकली ऐलम्माचं नाव आहे. पालकुर्तीच्या ज्या बाईने आपलं पीक देशमुखाला नेऊ दिलं नाही, तिचं नाव रेसिडेंटच्या वाड्याला मिळालं, याचा मला जाता-येता आनंद होतो. गावातले लोक मात्र अजून कोठी वुमेन्स कॉलेजच म्हणतात.

"नावं मोठी आहेत," दादा म्हणाला. "पण इथून जीवशास्त्रात एम.एस्सी. करून बाहेर पडलेल्या बायका आज काय करतात? ते सांग."

"शिकवतात. बऱ्याच जणी बी.एड. करून शाळेत आहेत. काही औषध कंपन्यांत."

"तेच. आणि कंपनीत काय करतात?"

"शामीरपेटला, जीनोम व्हॅलीत, क्वालिटी कंट्रोलमध्ये. बशीत वाढलेल्या जंतूंच्या वसाहती मोजायच्या, खोलीच्या हवेत काही जिवंत आहे का तपासायचं. पाळ्या असतात, रात्रीचीही असते. लस निघते ती त्यानंतर."

"म्हणजे शेवटी मोजणंच. मग कोडिंगने काय घोडं मारलं?"

मी कमला सोहोनींचं नाव काढलं. इसामिया बाजारात मराठी साहित्य परिषदेत जाणाऱ्या माणसाला दुर्गा भागवत ठाऊक असतात, त्यांची बहीण ठाऊक नसते. कमला भागवतांनी १९३३ मध्ये मुंबईहून पदवी घेतली आणि बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटकडे अर्ज केला. वडील आणि काका दोघेही तिथलेच. सी. व्ही. रामन यांनी मुलगी आहे म्हणून नकार दिला. त्या तिथे जाऊन बसल्या. शेवटी अटी घालून, वर्षभर पारखून मग कायम करू या बोलीवर त्यांना घेतलं. दूध आणि डाळींमधल्या प्रथिनांवर काम करून १९३६ मध्ये त्यांनी एम.एस्सी. मिळवली, पुढे केंब्रिज, आणि १९३९ मध्ये पीएच.डी. परत आल्यावर त्या कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेत होत्या. तीच प्रयोगशाळा १९५८ मध्ये हैदराबादला आली आणि आज तारनाक्याला राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून उभी आहे.

"आणि कमल रणदिवे," मी म्हटलं. "पुण्याच्या. वडिलांना वाटत होतं मुलीने डॉक्टर व्हावं, डॉक्टरशीच लग्न करावं. त्यांनी दोन्ही केलं नाही. १९३९ मध्ये लग्न झालं, नवरा गणिताचा. एम.एस्सी. त्यानंतर, १९४३ मध्ये, पुण्याच्या शेतकी कॉलेजातून. विषय कुठला होता सांगू? सीताफळाच्या कुळातल्या झाडांच्या पेशी आणि त्यांची गुणसूत्रं."

"सीताफळ?"

"हौ, सीताफळ. तिथे पेशीत बघायची नजर तयार झाली. पुढे डॉ. खानोलकरांच्या हाताखाली कर्करोगावर पीएच.डी. केली, बाल्टिमोरला जाऊन ऊतिसंवर्धन शिकून आल्या आणि मुंबईत त्याची प्रयोगशाळा उभी केली. १९८२ ला पद्मभूषण."

दादा फाटकातून आत बघत राहिला. मुली बाहेर पडत होत्या. दोघीतिघींच्या काखेत ती परिचयाची लांब रेकॉर्डबुकं होती, खाकी कव्हर घातलेली.

"नव्वद वर्षांत दोन नावं," तो शांतपणे म्हणाला. "तू मला दोन नावं दिलीस. मी बाप आहे, मला बाकीच्यांची काळजी आहे. ज्यांना रामनच्या दारात बसता आलं नाही, त्यांची."

मी हरले असं नाही म्हणणार, पण हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. विज्ञानाचं कौतुक करताना आपण नेहमी पोचलेल्यांची नावं घेतो. माझ्या वर्गात आम्ही चौदा जणी होतो. सहा-सात शिकवायला लागल्या, एकीने सासरचं औषधांचं दुकान सांभाळलं, दोघींनी संशोधनाला सुरुवात करून पोरं झाल्यावर सोडलं. सोडणाऱ्यांत सर्वांत हुशार मुलगी होती. तिला परत यायचं होतं तेव्हा वय आड आलं. तिची आठवण ठेवूनच मला दादाशी बोलायला हवं होतं.

"तू म्हणतोस ते खरं," मी म्हटलं. "पदवी कुणाला रामनच्या दारात बसवत नाही. म्हणून आपण तिच्या मागे उभं राहायचं. तू पैशाने, मी बाकीच्याने. लग्न, पोरं, काय असेल ते, तिला परत येता येईल एवढी वाट मोकळी ठेवायची."

"रॉसच्या मागे कोण उभं राहिलं होतं?" दादाने मधेच विचारलं. बेगमपेटवरून जाताना त्याने रॉसची ती इमारत शंभरदा पाहिली आहे. "डासात मलेरिया शोधला तो."

"तो लष्करात डॉक्टर होता. पगार चालू होता."

"तेच म्हणतो. पगार चालू होता."

"आणि हुसेन खान नावाच्या रुग्णाला तो चावणाऱ्या प्रत्येक डासामागे एक आणा देत होता. पण दादा, २० ऑगस्ट १८९७ ला त्या डासाचं पोट सुईने उघडून त्यात काय वेगळं आहे ते ओळखायला त्याला आधी शेकडो डास फाडावे लागले. डॉक्टरकीत ते शिकवलं नव्हतं. ते त्याने चाचपडत स्वतः शिकून घेतलं. आपल्या पोरीला हे शिकवायला हबसीगुड्याला सीसीएमबी आहे, तारनाक्याला पोषण संस्था आहे, गच्चीबावलीला केंद्रीय विद्यापीठ आहे. प्रबंधाला, उन्हाळी प्रशिक्षणाला अर्ज करता येतो. घरून बसने जाता येईल अशा अंतरावर हे सगळं मिळणारी शहरं देशात थोडी आहेत."

तो चालायला लागला. बँक स्ट्रीट ओलांडताना म्हणाला, "तिने आकडे शिकले पाहिजेत. कॉम्प्युटरवर. तो लाल दोरा, पांढरा दोरा, त्याचा निकाल खरा की योगायोग, हे गणिताने सांगता येतं ना?"

"येतं. आजचं निम्मं जीवशास्त्र तेच आहे."

"मग ते तिने याच दोन वर्षांत शिकायचं. नेटचे दोन प्रयत्न. नाही जमलं तर तेच आकडे घेऊन नोकरी धरायची. तुझं गुणसूत्र आणि माझा हिशोब, दोन्ही तिच्या हातात पाहिजे."

हे मला सुचायला हवं होतं. बाजूच्या माणसाला सुचलं. मी मान्य केलं, आणि एक अट माझीही घातली, की त्या दोन वर्षांत लग्नाचा विषय काढायचा नाही. तो यावर हो म्हणाला नाही. बायकोशी बोलतो म्हणाला.

मोअज्जमजाही मार्केटला सीताफळाचे ढीग लागले होते, बालानगरचा माल. दादा फळं उत्तम निवडतो. डोळे फाकलेले, मधली चीर पांढुरकी झालेली, बोटाला जरा दबणारी. त्याने सहा घेतली. सातवं उचललं आणि ठेवायला निघाला, कारण ते एका बाजूने चपटं होतं. तिथे डोळे बारीक, दबलेले.

मी सांगितलं, "यातला प्रत्येक डोळा म्हणजे फुलाचा एक वेगळा भाग. ज्या भागाला पराग मिळाला तो फुगला. हा नाही फुगला."

दादाने फळ फिरवून पाहिलं, मग दिव्याखाली धरून पुन्हा पाहिलं. फळवाली वाट बघत होती.

"म्हणजे भुंगेरा या बाजूला आलाच नाही?"

"किंवा आला आणि उशीर झाला होता."

"दोन्हींतलं कुठलं, ते कसं कळायचं?"

"ते तिला विचार."

त्याने ते चपटं फळही पिशवीत टाकलं आणि पैसे देता देता मला विचारलं, फी ऑनलाइन भरता येते की बँकेत जावं लागतं.